उतरत्या खांद्यांची पेटी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ट्रेसिंगला होते. डिप्लोमा पहिल्या वर्गात, आणि काम काय, तर दुसऱ्यांची ड्रॉइंग गिरवायची! डोकं फिरायचं माझं.

आम्ही रेल्वेच्या विजेवरच्या इंजिनांच्या टपावरच्या पेट्या बनवायचो. घाट उतरताना ब्रेक लावला की तयार होणारी वीज या पेटीतल्या धातूच्या वेटोळ्यांत जिरते आणि ती लालबुंद तापतात. नवी पेटी मोठी हवी होती. पण घाटातले बोगदे जुने, कमानदार. पेटीचे वरचे कोपरे कमानीला घासणार. बसकी करावी, तर आत वारा खेळेना. साहेबांसकट सगळ्यांचं घोडं तिथेच अडलं होतं.

कोपरीच्या आमच्या घरी आईने जिन्याखाली डबे रचले होते. उंच डबे जिन्याच्या उंच बाजूला, बुटके उताराखाली. एका रविवारी पोहे काढताना ते नीट पाहिले आणि कागदावर पेटीचे दोन्ही खांदेच उतरते केले. मधे लांब वेटोळी, कडेला आखूड. वरच्या तारेपासूनचं अंतर राखलं.

साहेब ड्रॉइंगवर बराच वेळ वाकून होते. "बनवू या. पण बोगद्याला लागली, तर ट्रेसिंगबद्दल पुन्हा कुरकुर ऐकून घेणार नाही."

"आणि नाही लागली तर?"

ते नुसतेच हसले. मला रागच आला.

चाचणीला मी हट्टाने गेले. बोगद्यापासून जेवढी जागा सुटायला हवी, तेवढ्या लांबीच्या लाकडी पट्ट्या पेटीभोवती बसवल्या होत्या. टोकांना ओल्या खडूचा जाड लेप. भिंत जिथे लागेल, तिथला लेप खरवडला जाणार. वरच्या तारेतली वीज बंद करून डिझेल इंजिनाने आमचं इंजिन कसाऱ्याच्या पुढे बोगद्यातून ओढत नेलं. आत अंधारात बाकीचे गप्पा मारत होते. मी मनातल्या मनात मापं पुन्हा जुळवत होते.

बाहेर आल्यावर शिडी लागली. साहेबांच्या आधी मीच चढले आणि एकेक पट्टी पाहिली. लेप जसाच्या तसा! मला आकाश ठेंगणं झालं. बोगदा तोच, जुना, आणि माझी पेटी त्यातून अंग चोरून आली होती.

साहेब वर आले. वाकून पट्ट्या निरखल्या, मग माझ्याकडे वळले.

"उद्यापासून ट्रेसिंगला दुसरं कोणीतरी बघू."

"उद्यापासून कशाला, सर?" मी म्हटलं. "आजपासून."