इमारत उभी राहीपर्यंत

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिक रोडला एका कॉलनीत राहायचो. यजमान प्रेसमध्ये नोकरीला होते. माझं डी.एड. झालं होतं, पण नोकरी मिळाली नव्हती. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारतीचं काम निघालं आणि वॉचमन म्हणून सुरगाण्याकडचं एक कुटुंब तिथल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आलं. नवरा-बायको आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. मुलगी आमच्या मागच्या नळावर पाणी भरायला यायची. एक दिवस कळशी भरून वाहायला लागली तरी हिचं लक्ष नाही. मी पायरीवर पेपर वाचत बसले होते, ती माझ्याकडे बघत होती.

"बाई, मला शिकवाल का?" तिनं विचारलं.

ती शाळेत जेमतेम दोन वर्षं गेली होती, तीही अर्धीमुर्धी. दिवाळी झाली की आईबाप कामासाठी गाव सोडून बाहेर पडायचे आणि तिलाही सोबत न्यायचे. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं तिला ओळखता येत होतं.

दुपारची जेवणं आटोपली की ती यायची. हाताला वाळू चिकटलेली असे, ती आधी नळावर धुऊन घ्यायची. बाराखडी तिनं पावसाळ्याच्या आत संपवली. मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवरची अक्षरं आपणहून लावत बसू लागली. 'आहे' छापलेलं असलं तरी 'हाय' वाचायची. मी म्हटलं, वाचताना लिहिलंय तसं वाच, बोलताना तुझं तू बोल. वजाबाकीतलं उसनं घेणं मात्र तिच्या गळी उतरेना. शेजाऱ्याकडून घेतलं ते परत कधी करायचं, असं तिनं मला विचारलं होतं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

दुसऱ्या वर्षी ती गोष्टीचं पातळ पुस्तक सावकाश, बोट ठेवून, पण कुणाच्या मदतीशिवाय वाचू लागली. पाटीवर तिनं मनानं लिहिलेलं पहिलं वाक्य अजून डोळ्यांसमोर आहे : माझा आजा डोंगरावर नागली पेरतो. 'डोंगरावर'चा अनुस्वार विसरली होती. तो मी दिला नाही, तिचा तिनंच शोधला.

मग इमारतीला रंग लागला. फ्लॅटवाले राहायला येऊ लागले आणि वॉचमनचं काम संपलं. मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. पोरीला वर्षभर आमच्याकडे ठेवा, चौथीची परीक्षा बाहेरून देईल, असं सांगून पाहिलं. घरी सगळ्यांशी बोलूनच गेले होते.

"तुमचं मन चांगलं हाय," ते म्हणाले. "पण वयात आलेली पोर मी कोणाच्या घरी ठेवू? गावाला तिचं ठरलंय."

ठरलंय हे तिनं मला सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही माहीत नसावं. ते निघाले त्या दिवशी मी तिला तीन पुस्तकं दिली. पदरात गुंडाळून ती टेम्पोत मागे, सामानावर बसली.

आठ-नऊ वर्षं गेली. मी गडावर देवीचं दर्शन करून उतरले होते आणि वणीच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत होते. काखेत मूल, हाताशी दुसरं, अशी एक बाई जवळ आली. समोर लागलेल्या एसटीकडे हात करून तिनं विचारलं, "ही गाडी कुठं जाते हो?"

पाटी मोठ्या अक्षरांत होती. मी सुरगाणा म्हणाले आणि तिच्याकडे पाहिलं. तिनंही मला ओळखलं. आधी हसली, मग एकदम मान खाली घातली.

मी पुस्तकांचं विचारलं. पहिल्या पावसाळ्यातच घर गळलं, त्यात भिजली म्हणाली. दुसरं काही वाचायला घरात कधी आलंच नाही. शेत, पोरं, मग दिवाळीनंतर द्राक्षाचं काम. मोठी मुलगी शाळेत जाते का, हेही विचारलं. पावसाळ्यात जाते, म्हणाली.

"अक्षरं दिसतात, बाई, पण आता बोलत नाय माझ्याशी," ती म्हणाली. मग माझा हात धरून, "तुम्ही लय मेहनत घेतली होती. मी वाया घालवली."

नाही गं, तुझं काही चुकलं नाही, एवढं सांगायचं होतं. पण तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. मी मोठीला उचलून गाडीत चढवलं. काखेतलं मूल घेऊन तीही चढली, खिडकीशी बसली आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. नाशिकची गाडी लागली तेव्हा मी स्टँडच्या बाकावर रडत बसले होते. ती गाडी मी जाऊ दिली.