भाच्यानं सांगितलेली कारणं

माझ्या भाच्याइतका गोड थापाड्या सबंध देऊळघाटात सापडायचा नाही. तो कथा लिहितो, दिवाळी अंकांत छापूनही येतात. असा पोरगा डॉक्टरकी शिकायला थेट किर्गिझस्तानला निघाला, तेव्हा जो भेटेल तो त्याला विचारू लागला, काऊन बे, डॉक्टरच काऊन? त्यानं दोघांना कधी एकच उत्तर दिलं नाही. दूधवाल्याला म्हणाला, तिकडं बर्फ फुकट आहे. शेजारच्या काकूंना म्हणाला, माझ्या अक्षराला दुसरं काय शोभणार? आणि देवळातल्या पुजाऱ्यांना त्यानं गंभीरपणे सांगितलं, की नवस करून थकलेली माणसं शेवटी दवाखान्यातच येतात, पुढं तुमची गिऱ्हाईकं मीच सांभाळीन. पुजारी प्रसाद न देताच आत गेले.

लोक हसायचे आणि मी श्वास रोखून बसायचो. आज याच्या तोंडून खरं निघतं की काय, ही धास्ती. तो बारावीत असताना त्याच्या वडिलांना कावीळ झाली. बहीण दवाखाना म्हणत होती. मीच जाणतेपणानं मेव्हण्यांना गाडीवर बसवून काविळीची माळ घालणाऱ्याकडं नेलं. डोक्यावर ठेवलेली ती काड्यांची माळ लांबत लांबत गळ्यात आली, की दुखणं उतरलं म्हणतात. माळ रोज लांबत होती आणि आम्ही खूश होत होतो. दवाखान्यात नेलं तेव्हा ती छातीवर आली होती, आणि फार उशीर झाला होता.

परवा सुट्टी संपवून तो निघाला. बुलढाण्याच्या स्टँडवर बहिणीनं माझ्यासमोरच विचारलं, "साऱ्या गावाले थापा मारल्या. मले तरी खरं सांग, काऊन गेला इतक्या दूर?"

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"तुह्या हातच्या वांग्याच्या भाजीपासून वाचाले," तो म्हणाला. बहिणीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पाण्याची बाटली आणायला गेली.

मग मलाच राहवलं नाही. "लवकर नेलं असतं तर तुहा बाप वाचला असता का रे?"

तो समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिला. "तो धडा अजून आला नाही, मामा."

शेवटच्या वर्षाला आहे तो. काविळीचा धडा केव्हाच होऊन गेला असणार, एवढं मलाही कळतं. गाडी लागली तेव्हा त्याची जड बॅग मीच उचलून वर चढवली, आणि तो नको म्हणाला नाही.