साखर न खाणारी मुंगी

मुंगीला मुंगी म्हणण्याआधी तिची खात्री करून घेणारा माणूस सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या ताईचा दीर निघाला. कापडगिरणीत ते तपासणी खात्यात होते. चादरीचे धागे मोजायचं पितळी भिंग सदऱ्याच्या खिशात कायम. सुटीचा भोंगा झाला की चादरी सुटत, भिंग सुटत नसे. गांधीलमाशीच्या काही बारक्या जातींत मादीला पंखच नसतात आणि ती हुबेहूब मुंगीसारखी दिसते, हा शोध त्यांना कधी लागला कोण जाणे, पण तेव्हापासून त्यांचा एकाही मुंगीवर विश्वास उरला नाही. मंद्रूपला त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे पोह्यांची बशी घेऊन, मुलीकडे पाठ करून, उंबऱ्यापाशी उकिडवे. तिथूनच मला हाक, "पाव्हणं, हिकडं या की. मुंगीच्या मिशा कोपरात मोडल्यावानी वाकत्यात, कमरंला गाठ असती. हिच्या बघा, सरळ, नुसत्या थरथरत्यात. मुंगी न्हाय ही!" स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, पण मुलगी कशी होती हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

त्यांच्या आईला सगळे अव्वा म्हणत. दर सोमवारी पूजा आटोपली की अव्वा मुंग्यांना साखर घालायची. ती झोपायची ती खाट मैंदर्गीच्या माहेराहून लग्नात आलेली. त्या खाटेच्या पायाशी एक काळी मुंगी नेहमी एकटीच फिरताना दिसे. रांगेतून चुकली असेल म्हणून अव्वा तिच्यापुढे वेगळी चिमूट ठेवी.

"साखर खात न्हाय ती, अव्वा. मुंगीच न्हाय."

"तू गप रं. एकली हाय बिचारी."

एका उन्हाळ्यात अव्वाच्या पाठीवर गांधी उठायला लागल्या. ताईच्या यजमानांनी ढेकूण ठरवले आणि खाट जाळायचा हुकूम सोडला. "मग मलाबी तिच्यासंगट जाळा," म्हणून अव्वाने जेवण सोडलं. दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि धाकटे चिरंजीव भिंग लावून खाटेखाली पालथे! मीसुद्धा त्यांना वेडा म्हणालो, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी ते केसांत लाकडाचा भुसा घेऊन बाहेर आले.

"ढेकूण न्हाईत. ह्या एका पायात किडा हाय, त्यो लाकूड पोखरतोय. ही बिनपंखाची बया त्या किड्यासाठी आत शिरती, अन् मधी अव्वा आली की डसती. पाय बदला, खाट ऱ्हाऊ द्या."

सुताराने पाय कापला तर आत निम्मा पोकळ. बाकी तीन ठणठणीत. अव्वाने त्याच दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ताई जुना पाय चुलीत घालायला निघाली, तेव्हा यांनी तो हिसकावून घेतला. "त्यांचं घर हाय की ते, वहिनी," म्हणत परसात भिंतीला उभा करून ठेवला. अव्वाची वेगळी चिमूटही मग परसात गेली. ती मुंगी नाही, साखर खात नाही, यावरून मायलेकांचा दर सोमवारी वाद होई. पुढे कितीतरी वर्षं दोघांनीही माघार घेतली नाही.

अव्वा गेली त्यानंतरच्या एका सोमवारी मी सोलापुरात होतो. खाटेवर तिची चौघडी तशीच घडी करून ठेवलेली होती. ताईच्या दिरांनी साखरेचा डबा काढला, ओसरीवरच्या मुंग्यांना चिमूट घातली, मग परसात गेले. जुन्या पायाचा एव्हाना नुसता सांगाडा उरला होता. त्याच्यापुढे त्यांनी वेगळी चिमूट ठेवली. भिंग खिशातून काढलंच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ती साखर खात नाही ना?"

"न्हाय खात," ते म्हणाले. "अव्वा घालायची."