परिचय लिहिणाऱ्या बाई

टोकियोतल्या ओजिमाच्या त्या सरकारी इमारतींमध्ये एके काळी मराठी बिऱ्हाडं इतकी झाली होती, की संध्याकाळी लिफ्टमधून वर जाताना कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते वासावरून सांगता यायचं. नवरे सकाळी बँकांची आणि विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळायला जात आणि बायका कचऱ्याचे वार सांभाळत. जळणारा कचरा कुठल्या दिवशी, बाटल्या कुठल्या दिवशी, हे पाठ करण्यात दोन एम.कॉम., एक एम.एस्सी. आणि एक आयुर्वेदाची डॉक्टर गुंतलेली होती. चुकलं तर पिशवी दारात परत येई, वर चिठ्ठी चिकटवून. पदवी कुणी विचारत नसे.

सुचित्रा त्यांच्यातलीच. पुण्यात एका कॉलेजात इतिहास शिकवायची आणि ब्रिटन-चीन व्यापारावर पीएच.डी. करायची. विषय ऐकून लोक विचारत, "ब्रिटन आणि चीन? यात आपला काय संबंध?" तिचे गाइड पंढरीनाथ सर शांतपणे सांगत, "अफू आपली होती." मग दोन हजार दोन साली तिच्या नवऱ्याला, धीरजला, टोकियोचं पोस्टिंग मिळालं आणि प्रबंधाची तयार प्रकरणं कुकर आणि गोडा मसाल्याच्या सोबतीनं जपानला आली. व्हिसावर तिचा हुद्दा होता 'अवलंबित'. धीरज म्हणायचा, "अगं, तो नुसता शिक्का आहे." ज्याच्यावर तो मारलेला नसतो त्याला शिक्का नुसताच वाटतो.

वर्षाच्या आत तिला बाइतो मिळालं. बाइतो म्हणजे तासांवरचं काम. अवलंबितांना ते आठवड्याला ठरावीक तासच करता येई. जिम्बोचोच्या पुस्तकगल्लीमागे कुरामोची-सान, म्हणजे कुरामोचीसाहेब, यांची दोन खोल्यांची संस्था होती. चीन नुकताच जागतिक व्यापार संघटनेत शिरला होता आणि जपानी कंपन्यांना धास्ती होती, की इंग्रज लोक हाँगकाँगच्या जुन्या ओळखीवर सगळं बळकावणार. म्हणून कुरामोची-सान ब्रिटन-चीन संबंधांचे तज्ज्ञ बोलावत, हॉल घेत आणि तिकीट लावत. निवृत्त ब्रिटिश मुत्सद्दी येत, हाँगकाँगचे बँकर येत, शांघायचे प्राध्यापक येत. त्यांचे परिचय काटछाट करून इंग्रजीत नीट करायचे आणि हॉलमध्ये वाचून दाखवायचे, हे सुचित्राचं काम.

पुण्यात वाढलेल्या माणसाला पाहुण्यांचा परिचय शिकवावा लागत नाही. आपल्याकडे व्याख्यानाइतकाच वेळ परिचय घेतो आणि श्रोते तक्रार करत नाहीत. सुचित्रा फोन करून वक्त्यांना विचारायची, "तुम्ही मूळचे कुठले?" इंग्रज माणूस या प्रश्नानं आधी दचकतो, मग खुलतो आणि मग थांबत नाही. एक माजी व्यापार-अधिकारी तासभर आपल्या वडिलांच्या टिनच्या खाणीबद्दल बोलला.

तिच्याकडून आम्हा शेजाऱ्यांना त्या तज्ज्ञांचं शास्त्र कळत गेलं. जेवणाला बसलो की ती सांगायची. "'प्रदीर्घ अनुभव' म्हणजे निवृत्त. 'विविध क्षेत्रांतला अनुभव' म्हणजे कुठेच टिकला नाही. 'सल्लागार' म्हणजे सध्या घरी."

"मग मीही सल्लागारच की," आमच्यातली नंदिनी म्हणाली. तीच ती आयुर्वेदाची डॉक्टर.

"तू अवलंबित. सल्लागाराला मानधन असतं."

त्या हिवाळ्यात कुरामोची-साननी तिला सांगितलं, की एप्रिलचं चर्चासत्र नीट पार पडलं तर ते तिला कायम करतील आणि तिच्या स्वतःच्या नावाच्या व्हिसासाठी अर्ज घालतील. फसलं तर संस्थेची दुसरी खोली सोडावी लागेल. दुसऱ्या खोलीत सुचित्रा बसायची, त्यामुळे पुढचं सांगायची गरज नव्हती. घरी येऊन तिनं धीरजला एवढंच म्हटलं, "मला परत कुणीतरी व्हायचंय रे." तो म्हणाला, "हो की," आणि भांडी घासायला उठला. त्याच्या मानानं हे मोठंच भाषण होतं.

एप्रिलमध्ये सार्सची साथ आली. हाँगकाँगचा बँकर येईना, शांघायचे प्राध्यापक येईनात, बीजिंगहून निघालेले निवृत्त मुत्सद्दी लंडनलाच गेले. तिकिटं खपलेली, हॉल घेतलेला. कुरामोची-साननी हॉलची पावती फाइलला लावली. मग म्हणाले, "सुचित्रा-सान, हा तुमचाच विषय ना?"

"अर्धवट राहिलेला विषय आहे."

"बाकीचे अर्धवटसुद्धा पोचले नाहीत."

ती हो म्हणाली आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. तिचा परिचय हवा होता. जपानी श्रोता आधी माणसाचा हुद्दा वाचतो, मग माणूस ऐकतो. आणि सुचित्राला इतरांचं कौतुक करायची एवढी सवय, पण स्वतःबद्दल एक ओळ लिहवेना. आपल्याकडे परिचय दुसऱ्यानं करायचा असतो. स्वतःचा स्वतः करणारा माणूस फक्त निवडणुकीला उभा राहतो.

धीरजनं लिहून दिला. त्यात ती 'टीममध्ये उत्तम काम करणारी आणि डेडलाइन पाळणारी' निघाली. "अरे, मी काय मॉड्यूल आहे का?" तिनं विचारलं. मग पुण्याला फोन लावला. पंढरीनाथ सरांनी तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली, "ज्ञानोपासनेच्या खडतर मार्गावरील एक नम्र यात्रिक..." सरांना थांबवणं शक्य नव्हतं. फोनचं कार्ड संपलं, तेव्हाच ते थांबले.

कुरामोची-साननी आपला तोडगा काढला. 'संशोधन विभाग प्रमुख' अशी तिची व्हिजिटिंग कार्डं छापून आणली.

"आपल्याकडे संशोधन विभाग नाही," ती म्हणाली.

"प्रमुख आल्यावर होईल."

"हे मी वाटणार नाही, कुरामोची-सान. खोटं आहे."

त्यांनी कार्डांची डबी ड्रॉवरमध्ये ठेवली. दुखावले असावेत, पण जपानी माणूस दुखावला की अधिकच नम्र होतो, त्यामुळे कळायला मार्ग नाही. शेवटी सुचित्रानं खरं तेच लिहिलं. पूर्वी अध्यापन, प्रबंध अपूर्ण, सध्या याच संस्थेत तासांवर काम.

चर्चासत्राच्या दिवशी धीरज आणि आम्ही दोघं-तिघं शेवटच्या रांगेत जाऊन बसलो होतो. हॉल भरलेला. काळे सूट, मांडीवर सरळ ठेवलेले हात. सुचित्रा निळी साडी नेसून माइकपाशी आली आणि नेहमीच्या स्वच्छ आवाजात तिनं वक्त्याचा परिचय वाचला. "आजच्या वक्त्या मूळच्या पुण्याच्या..." तृतीयपुरुषी, शांत, कुठेही आवाज न चढवता. 'प्रबंध अपूर्ण'सुद्धा तिनं तसंच वाचलं. शेवटी वक्त्यांचं स्वागत करावं अशी श्रोत्यांना विनंती केली, टाळ्या झाल्या, आणि ती सवयीनं प्रोजेक्टरशेजारच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

व्यासपीठ रिकामं. जपानी श्रोते विलक्षण सभ्य. वक्त्या आतल्या खोलीतून येत असतील, म्हणून सगळे दाराकडे बघत राहिले. सुचित्राही बघत होती. धीरजनं माझा हात धरला. "ही कोणाची वाट बघतेय?" तो कुजबुजला.

मग तिच्या लक्षात आलं. ती उठली, परत माइकपाशी आली, लवून माफी मागितली आणि म्हणाली, "वक्त्या आल्या आहेत." हॉल हसला. जपानी हॉल हसताना मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि त्या हशावरच ती सुरू झाली.

ब्रिटननं चीनच्या नव्या सरकारला एकोणीसशे पन्नासमध्ये मान्यता दिली, पण पूर्ण दर्जाचा राजदूत बहात्तर सालापर्यंत बीजिंगमध्ये बसू शकला नाही. तोवर प्रभारींवर चाललं. पुण्याच्या कॉलेजांत प्रभारी प्राचार्य निवृत्त होईपर्यंत प्रभारीच राहतात, हे ती तिथे बोलली नाही, पण आम्हाला ऐकू आलं. त्या वर्षांत दोन्हीकडचे व्यापारी कसे भेटत राहिले, हुद्दा नसलेल्या माणसांनी माल कसा हलवला, ते तिनं सांगितलं. प्रश्नांच्या वेळी एका व्यापारी कंपनीतले वयस्कर गृहस्थ उठले. "मग राजदूत नेमल्यानं नेमका काय फरक पडला?"

"पत्रांना उत्तरं लवकर यायला लागली," ती म्हणाली. "काम आधीपासून चालूच होतं." त्यांनी ते लिहून घेतलं आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा दुसऱ्याच कुणी. हॉलवाला दिवे घालवायला आला तरी ती उत्तरं देत होती.

दुसरी खोली राहिली. पावसाळी उकाड्यात तिचा व्हिसा आला. जपान सरकारनं तिला 'मानव्यविद्या तज्ज्ञ' ठरवलं होतं. नंदिनीनं तो पासपोर्ट हातात घेऊन पाहिला आणि सगळ्यांना साखर वाटली. आता आमच्यातलं ओजिमात कुणी नाही. कुणी टोकियोशेजारच्या उरायासुला गेलं, कुणी बंगळुरूला, नंदिनी नाशिकला दवाखाना चालवते.

शरद ऋतूत विमानं सुरळीत झाली आणि तज्ज्ञ परत आले. पुढच्या चर्चासत्राच्या पत्रकात त्यांच्या रांगेत सुचित्राचंही नाव होतं. तिचा परिचय लिहायला तिनं साफ नकार दिला, म्हणून कुरामोची-साननी स्वतः लिहिला, जपानीत. तिनं तो आम्हाला स्टेशनबाहेर उभ्याउभ्या मराठीत वाचून दाखवला. "सुचित्रा, पुणे. ब्रिटन-चीन व्यापार. विचारणाऱ्याचं समाधान होईपर्यंत उत्तर देतात."

"बस, एवढंच?" धीरज म्हणाला.

"यात कापण्यासारखं काही नाही," ती म्हणाली, आणि कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.