भिंतीपर्यंत

ठाकुर्लीच्या आमच्या फुटबॉलच्या मैदानाला रेषाच नव्हत्या. बॉल भिंतीला लागेपर्यंत खेळ चालू, हाच नियम. त्यामुळे साठीनंतर ठाण्यात निवृत्त खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलो, तेव्हा बॉल रेषेबाहेर गेला तरी आमची अख्खी टीम धावतच राहिली. मी तर गोलही मारला. रेफ्रीने शिट्टी वाजवली, लोक हसले. मी भडकलो, "हसताय काय? आम्ही जन्मभर असंच खेळलोय!"

समोरच्या टीमच्या परदेशी, पांढऱ्या केसांच्या गोलकीपरला मी हातवारे करून आमचा नियम समजावला.

मॅच संपल्यावर तो गोलकीपरच बॉल घेऊन आला आणि त्याने मैदानाच्या कडेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. दुखरे गुडघे घेऊन दोन्ही टीम पुन्हा उतरल्या. या वेळी रेषेपाशी कोणीच थांबलं नाही. रेफ्रीही शिट्टी खिशात टाकून धावत होता.