माझ्याच पट्टीवरचा नाग

नाग जिवंत होता आणि चिकटला होता तो माझ्याच पट्टीवर.

सकाळचे सात वाजले होते. सिल्वासाजवळ किलवणीच्या वाटेवर एक यार्न फॅक्टरी आहे, तिच्या पॅकिंग खात्याच्या मागच्या दाराशी मी उकिडवा बसलो होतो. दाराबाहेर पंधरा-वीस बाया डबे हातात धरून उभ्या. आत पाऊल टाकायला एकही तयार नव्हती.

"सुनीलभाई, पाँच मिनट में निपटाओ," प्रॉडक्शन मॅनेजर देसाईसाहेब म्हणाले. "नौ बजे ट्रक निकलना है."

"पाच मिनिटांत मारता येतो साहेब. सोडवायला तास जाईल."

"तो मार दो ना! पेस्ट कंट्रोल को बुलाते किसलिए हैं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. माझा धंदाच तो. आधी पट्टी म्हणजे काय ते सांगतो. जाड पुठ्ठ्यावर एक डिंकासारखा चिकट थर असतो. आम्ही त्याला ग्लू बोर्ड म्हणतो. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून बोर्ड दाराजवळ भिंतीला लागून ठेवायचा. उंदीर आला की चिकटला. पण उंदराच्या मागावर सापही त्याच कडेने येतो, आणि तोही चिकटतो. सुटायला धडपडला की आणखी रुततो.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. मी शहाद्याकडचा. लहानपणापासून साप धरून रानात सोडतोय. इथल्या फॉरेस्टवाल्यांकडे सर्पमित्र म्हणून माझं नाव नोंदलेलं आहे. पण कितीतरी वर्षं मी हा छंद गिऱ्हाइकांपासून लपवला. मारण्याच्या धंद्यातला माणूस साप वाचवत फिरतो म्हटल्यावर लोक हसतील, असं वाटायचं.

माझ्या बायकोला, वर्षाला, ते पटत नव्हतं. "अहो, सिल्वासात पेस्ट कंट्रोलवाले पैशाला पासरी आहेत. लोकांनी तुमच्याकडेच का यावं? रविवारी जेवण टाकून सापामागे धावता, ते लपवता कशाला? तेच गाडीवर लिहा."

लिहिलं. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना फणा काढलेला पिवळा नाग आणि खाली ओळ: 'किडे मारतो, साप वाचवतो.' बिलावर तोच नाग, स्टिकरवर तोच नाग. फोन वाढले. ही फॅक्टरी त्यातूनच मिळाली. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! तिच्या जोरावर मी दुसरी गाडी घेतली होती. ते वर्षभराचं कंत्राट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

आता तो खरा नाग माझ्यासमोर होता. अर्धं अंग चिकटलेलं, डोकं मोकळं. फणा काढून फूत्कारत होता. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

"तेले मारू नका हां भाऊ!" बाहेरून आवाज आला. ती मालतीबाई. नंदुरबारकडची, पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. तिच्या शब्दाबाहेर बाकीच्या जात नसत. "आमनाकडे नागले मारत नहीत. मारला त आम्ही आज आत येणार नाही."

देसाईसाहेबांनी कपाळावर हात मारला. "ठीक है, छुडाओ. लेकिन जल्दी."

कॅन्टीनमधून सरकीचं तेल आणि गव्हाचं पीठ मागवलं. तेलाने डिंक सुटतो, आणि सुटलेला भाग परत चिकटू नये म्हणून त्यावर पीठ टाकायचं. आधी हुकाच्या काठीने डोकं जमिनीशी हलकेच दाबून त्यावर कापडी पिशवी सरकवली. अंधार झाला की साप शांत होतो. मग शेपटीकडून थेंबथेंब तेल सोडायचं आणि लाकडी काडीने कडा उकलायची. ओढायचं अजिबात नाही. ओढलं तर खवले उपटून येतात. (कृपा करून घरी कोणी हे करू नका. फॉरेस्टवाल्यांना फोन करा.)

वीतभर सुटला असेल तेवढ्यात त्याने हिसडा दिला. पिशवी उडाली. फणा माझ्या मनगटापासून चार बोटांवर. बाया किंचाळल्या. मी श्वास रोखून तसाच थिजलो. देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू! त्याने दोनदा डोकं आपटलं आणि दमून ते खाली टेकवलं. पिशवी पुन्हा सरकवली.

देसाईसाहेब मागे येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "बाहर पूछेंगे तो बोलना, बोर्ड हाउसकीपिंग ने रखा था. तेरा भी नाम बचेगा, मेरा भी."

त्यांचं नाव यात कसं, तर प्रत्येक दाराशी बोर्ड हवाच हा त्यांचा हट्ट होता. परदेशी खरेदीदाराच्या ऑडिटच्या कागदावर तसं लिहिलेलं. मी एका शब्दाने नाही म्हटलं नव्हतं. मोठं गिऱ्हाईक ना!

पाऊण तासाने शेवटचं वेटोळं सुटलं. नाग डब्यात गेला, झाकण लागलं. पट्टी तेलाने थबथबलेली तशीच पडली होती आणि तिच्या कोपऱ्यावर माझा स्टिकर होता. पिवळा नाग, खाली माझा फोन नंबर. घडी घालून पिशवीत कोंबली असती तर कोणाला दिसली नसती. मी घडी घालायला घेतलीसुद्धा.

मालतीबाई दारात आली. "भाऊ, ही पट्टी कोणी ठेवली व्हती?"

देसाईसाहेब माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी सांगत होते, बोल. दुसऱ्या गाडीचा हप्ता आठवला.

"मी," म्हटलं. "ही माझीच आहे."

तिने कोपऱ्यावरचा स्टिकर बघितला. "मग गाडीवर नाग कशाले काढेल शे?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. साधं विचारलं तिने. लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

सव्वाआठला बाया आत गेल्या. ट्रक तासभर उशिरा निघाला. नाग फॉरेस्टवाल्यांकडे दिला. त्यांनी थोडे दिवस ठेवून खानवेलच्या रानात सोडला.

त्याच दुपारी मी देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "साहेब, जमिनीवरचे ग्लू बोर्ड बंद. पिंजरे लावतो, दाराखालच्या फटी बुजवून देतो."

"ऑडिट की शीट में ग्लू बोर्ड लिखा है तो ग्लू बोर्ड ही चाहिए. और सबके सामने बोर्ड अपना बोलके तूने मेरी भी इज़्ज़त निकाल दी, वो अलग."

कंत्राट रिन्यू झालं नाही. दुसरी गाडी विकली. गाडी गेली त्या संध्याकाळी वर्षाने एवढंच विचारलं, "पुसायचा का नाग?"

"नाग राहू दे. पट्ट्या काढतो," मी म्हटलं. बाकीच्या गिऱ्हाइकांकडच्या सगळ्या पट्ट्या उचलल्या. बहुतेकांनी ऐकलं. एकाने दुसरा माणूस बघितला.

मध्यंतरी मालतीबाई बाजारात भेटली. भाजी घेत होती. म्हणाली, नवीन पेस्ट कंट्रोलवाल्याने त्याच दाराशी पट्ट्या मांडल्यात. "आम्ही शिफ्ट सुटली का रोज उचलीसन कपाटावर ठेवतस. सकाळी परत खाली. त्याले अजून समजेल नही, उंदीर का सापडत नही ते."

छंद गाडीवर रंगवायला पेंटरला एक दिवस पुरला. तोच छंद कामात उतरवायला मला माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घालवावं लागलं. आधी काम सुधारून मग पेंटरला बोलावलं असतं, तर स्वस्तात पडलं असतं.