न चाखलेली खिचडी

मला भाषणाला बोलावू नका असं मी किती वेळा सांगितलं, तरी बोलावतातच. लोणावळ्याच्या महिला मंडळानं बोलावलं, सोमाटण्याच्या भजनी मंडळानं बोलावलं. "मावशी, परदेशात जाऊन सेवा केलीत, दोन शब्द सांगा." मग मी सांगते की विमानात थंडी लय वाजते, मलावीत रस्त्याकडेला आपल्यासारखीच आंब्याची झाडं आहेत आणि माणसं फार मायाळू आहेत. मग शाल, नारळ, चहा. सांगते त्यात खोटं काही नसतं. पण जे सांगायला पाहिजे ते मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही. तिथं एक म्हातारा होता आणि मी त्याच्या जिवाशी खेळले. मुद्दाम नाही, पण खेळले. तो पुढं जगला की गेला, मला आजही माहीत नाही.

मी स्वयंपाकीण. घर भाजे गावात, काम लोणावळ्यात वलवणला एका बंगल्यात. आमच्या गावच्या सप्ताहाचा महाप्रसाद वीस-बावीस वर्षं माझ्या हाताखाली होतोय. त्याची एक रीत आहे. देवाला दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही. चाखलं की उष्टं झालं. बोट चाटायचं नाही, वास घ्यायचा तोही लांबून. मग मीठ कसं जमवायचं? तर मुठीनं. एवढ्या टोपाला खड्या मिठाच्या एवढ्या मुठी, हे माझ्या हाताला पाठ होतं, आणि कधी म्हणजे कधी चुकलं नाही. पाहुणे विचारायचे, "तोंडात न घालता मीठ कसं काय हो जमतं?" बायका माझ्याकडं बोट दाखवायच्या. खोटं कशाला बोलू, मला मिरवायला आवडायचं.

माझे मालक, म्हणजे नवरा, रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. एका घरात दोन स्वयंपाक कुठं करत बसायचे, म्हणून मीही अळणीच खायला लागले. भाजी अळणी, आमटी अळणी, भाकरीत मीठ नाही. दोन वर्षं. मग ते गेले. गेल्यावरही मी अळणीच खात राहिले, कारण माझी जीभच तशी होऊन बसली होती. बंगल्यातल्या भाजीत मीठ किती आहे ते मला कळेना. तिथं मी बाईंनाच हाक मारायचे, "बाई, जरा चाखून बघा."

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. जावा म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." मोकळं व्हायला आत काहीतरी साठलेलं पाहिजे ना! माझ्यात काहीच नव्हतं. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी कामाला लागले. सकाळी मळवलीला जायचं, गाडी पकडायची, लोणावळ्याला उतरायचं, बंगला, परत. कुणी हसवलं तर हसायचे. पण मला काही वाटत नव्हतं आणि ते वाटत नाही हेसुद्धा मला नीट दिसत होतं.

त्या वर्षीच्या सप्ताहात कीर्तनकारांनी सांगितलं की मलावी म्हणून आफ्रिकेत एक देश आहे, तिथं पुरानं गावं वाहून गेलीत, आपल्या संस्थेनं तिथं अन्नछत्र उघडलंय आणि स्वयंपाक करणारी माणसं हवीत. म्हणाले, "टाळ वाजवून वाजवून हात दुखले असतील तर ते हात आता जरा टोपात घाला." लोक हसले. बायकांतून एकच हात वर झाला, माझा. श्रद्धा होती का? होती. लहानपणापासून होती. पण त्याहून मोठं कारण म्हणजे, इतक्या लांब जाऊन भुकेल्याच्या पानात वाढलं तरी निदान काहीतरी वाटेल, असं मला वाटलं. घरी दीर म्हणाले, "आगं, तुला येकटीला पुण्याला जाता येत न्हाई, आन् आफ्रिकेत कुटं चाललीस?" मी म्हटलं, "न्हेणारे न्हेतील." पासपोर्ट झाला. गावानं माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला. सत्कार आधीच करून टाकला, सेवा नंतर.

आम्ही चौघं गेलो. आमचे प्रमुख तळेगावचे, कारखान्यातून रिटायर झालेले. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माणूस सज्जन, पहाटे उठून स्वतः लाकडं फोडायचे. एका शाळेत पुराची माणसं उतरली होती. वर्गावर्गांत चटया, फळ्यावर अजून कुणीतरी घातलेली गणितं. मागच्या पटांगणात आमच्या चुली. मुगाची खिचडी करायची, विठ्ठलाच्या तसबिरीपुढं वाटी ठेवायची, घरून डबीत नेलेलं वाळलेलं तुळशीचं पान त्यावर, सगळ्यांनी डोळे मिटायचे, मग वाढायचं. भाऊ आणि बाकीचे दोघं प्रसादाचे चार कण हातावर घ्यायचे आणि जेवायला तिथल्या एका गुजराती शेठकडं जायचे. मी मात्र रांग संपल्यावर तिथंच खायचे. खिचडी मला खारट लागायची. मी म्हटलं, दोन वर्षं अळणी खाल्लेली जीभ, तिला सगळंच खारट लागणार. हात चुकला असेल हे मनातसुद्धा आलं नाही. हात कसा चुकेल?

माझ्या मदतीला तिथलीच एक बाई होती. शेठच्या दुकानात काम केलेली, मोडकंतोडकं हिंदी बोलायची. सगळे तिला अमायी म्हणायचे, म्हणजे आपल्यात आई म्हणतात तसं. मीही अमायी म्हणायचे, ती मलाही अमायी म्हणायची. काम चोख.

आणि तो म्हातारा. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेला असायचा, पाय पसरून. पहिल्याच दिवशी वाढताना माझी नजर त्याच्या पायांवर गेली. घोट्यापासून सुजलेले, कातडी ताणून चकचकीत झालेली. मी वाकले आणि न विचारता बोटानं दाबून पाहिलं. खळगा पडला तो तसाच राहिला. मला डॉक्टरची गरज नव्हती. हे पाय मी दोन वर्षं रोज दाबले होते.

मी भाऊंकडं गेले. म्हटलं, "भाऊ, एक छोटं पातेलं अळणी ठेवूया. त्या आबांना मीठ चालायचं नाही."

भाऊ म्हणाले, "मावशी, आपण हॉटेल नाही चालवत. हा प्रसाद आहे. प्रसादानं आजवर कुणाचं वाईट झालंय का?"

मी चुलीकडं वळले. बंगल्याच्या बाईंशी मी भांडते, भाजीवाल्याशी भांडते, दिरांना उलटं बोलते, पण देवाचं नाव निघालं की माझी दातखीळ बसते. मनात म्हटलं, मीठ बेतानं तर असतं, एवढ्यानं काय होणार. आणि अळणी देता येत नाही तर निदान पोटभर तरी देऊ, म्हणून त्याला रोज एक ओगराळं जास्त वाढायला लागले. तो मान वाकवून "झिकोमो" म्हणायचा, म्हणजे आभारी आहे. तो जेवताना बघितलं की मला बरं वाटायचं. मालक गेल्यापासून कुणाबद्दल काही वाटलं ते या अनोळखी म्हाताऱ्याबद्दल. मी मनात म्हटलं, विठ्ठला, यासाठीच आणलंस होय मला इथं.

नवव्या दिवशी दुपारीच पाण्याची पिंपं रिकामी झाली. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. भाऊ चिडले, लोक पाणी वाया घालवतात म्हणाले. मीही म्हटलं, "व्हय, काळजी म्हणून न्हाई." अमायी भांडी घासत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "रागावू नको अमायी. एक सांगू?"

"सांग की."

"खाणं खारट आहे. फार. लोकांना तहान लागते. काहीजण तर पाण्यानं धुऊन खातात."

मला वाटलं हिंदीचा काही घोळ झाला. मी मिठाच्या पोत्याकडं बोट केलं. ती म्हणाली, "तेच. पहिल्या दिवसापासून."

"मग नऊ दिवस तोंडाला कुलूप होतं का तुझ्या? सांगितलं का नाहीस?"

ती ओशाळली. म्हणाली, "वाढायच्या आधी तुमच्यातलं कुणीच चाखत नव्हतं. आधी फोटोपुढं ठेवायचात, डोळे मिटायचात. आम्हाला वाटलं, तुमच्या देवाला असंच लागतं."

मी पोत्यात हात घातला. मीठ पिठासारखं बारीक होतं. खड्या मिठाच्या मुठीत खड्यांमध्ये जागा राहते, बारीक मीठ मुठीत गच्च बसतं. एका मुठीला दीड मूठ. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. बंगल्यात मी बारीक मीठच वापरते, चमच्यानं. पण मोठ्या टोपापुढं उभी राहिले की माझा हात आपोआप मूठ भरतो. नऊ दिवस मी मूठ भरत होते आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होते. इतक्या लांब येऊनसुद्धा हात चुकला नाही म्हणून.

आणि त्या म्हाताऱ्याला त्यातलंच एक ओगराळं जास्त.

रडू तेव्हाही आलं नाही. मी पोत्याचं तोंड बांधलं, भांडी विसळली, पालथी घातली. हात चालत होते. आत नुसता दगड. एवढंच कळत होतं की हे भाऊंचं नाही, देवाचं नाही, माझं आहे.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, खिचडी झाली. मी मीठ चमच्यानं मोजून घातलं होतं. भाऊ वाटी घेऊन नैवेद्यासाठी आले. मी त्यांच्यासमोर ओगराळं टोपात घातलं, चार शितं हातावर घेतली आणि तोंडात टाकली.

"मावशी! अहो, काय केलंत हे? उष्टं झालं सगळं!"

"झालं," मी म्हटलं. माझ्या जिभेवर माझा भरवसा नव्हता, म्हणून अमायीलाही बोलावलं, तिलाही चार शितं दिली. ती चघळून म्हणाली, "आता बरोबर." मग मी भाऊंना सगळं सांगितलं. मुठीचं, मिठाचं, पाण्याचं. भाऊंचा चेहरा उतरला. हातातल्या वाटीकडं बघून म्हणाले, "मग आता देवाला काय दाखवू?"

"साखर दाखवा."

त्यांनी साखर दाखवली. पण त्या दिवशी प्रसादाचे चार कणही त्यांनी घेतले नाहीत.

मी न विचारता छोट्या पातेल्यात अळणी खिचडी वेगळी केली होती. मीठ नाही, थोडं जिरं, वरून लिंबू, आमच्या घरी करायची तशी. रांग अमायीवर सोपवली आणि पातेलं घेऊन व्हरांड्यात गेले. भिंतीपाशी तो नव्हता. त्याची चटई गुंडाळून ठेवलेली. शेजारी त्याची मुलगी बसली होती, मांडीवर तान्हं. पहाटे त्याला धाप लागली, आरोग्य खात्याची गाडी आली होती, त्यात घालून शहरात नेलं, असं थोडं तिच्या खुणांवरून, थोडं मागून अमायीकडून कळलं. गाडीत दुसऱ्या कुणाला घेत नव्हते.

मी अमायीला हाक मारली. ती आली. मी म्हटलं, "हिला सांग, तिच्या वडलांना मीठ चालत नव्हतं. मला ते दिसलं होतं. तरी मी वाढलं. सांग."

अमायीनं सांगितलं. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. अमायी ते माझ्यापर्यंत आणेना. मी म्हटलं, "जे असेल ते सांग."

"ही म्हणते, वडील रोज म्हणायचे, घशाखाली उतरत नाही. ही म्हणायची, मग ठेवून द्या. तर म्हणायचे, ती बाई समोर उभी असते. एवढ्या लांबून आलीय. नाही संपवलं तर तिला वाईट वाटेल."

खरं होतं. मी उभी राहायचे. कमरेवर हात ठेवून, त्याचं ताट रिकामं होईपर्यंत. घरी मालकांच्या समोर उभी राहायचे, तशीच. दोन वर्षं त्यांनीही एकदासुद्धा नको म्हटलं नाही. मला वाटायचं, आवडतंय.

मुलीचं पोट खपाटीला गेलं होतं, दिसत होतं. मी पातेलं तिच्यापुढं ठेवलं. तिनं तान्हं खाली ठेवलं आणि हात धुतले. मग मी तिच्याकडं पाठ करून बसले. आवडलं नाही तर तिला टाकून देता यावं म्हणून.